एक तापलेलं बेअरिंग आणि ईस्ट पॅलेस्टाइनवरचा काळा ढग

३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री, नऊला काही मिनिटं कमी असताना, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाइन नावाच्या गावात एक मालगाडी रुळावरून घसरली. हे गाव पेनसिल्व्हेनियाच्या सीमेला अगदी खेटून आहे आणि वस्ती पाच हजारांहूनही कमी. नॉरफोक सदर्न कंपनीची ती गाडी जवळजवळ पावणेतीन किलोमीटर लांब होती, वाघिणी दीडशेच्या घरात. त्यांतल्या ३८ घसरल्या आणि त्या ३८ पैकी ११ वाघिणींमध्ये घातक रसायनं होती. लगेच आग लागली. त्या रात्री कुणाचा जीव गेला नाही. पण तीन दिवसांनी व्हिनाइल क्लोराइडच्या पाच टाक्या मुद्दाम फोडून त्यांतलं रसायन खड्ड्यांत सोडलं गेलं, पेटवलं गेलं, आणि गावावर चढलेला तो काळा ढग जगभरच्या पडद्यांवर दिसला.

या अपघाताबद्दल बोलताना बहुतेक जण त्या ढगापासून सुरुवात करतात. मला मात्र सुरुवात त्याच्या काही तास आधीपासून करावीशी वाटते. कारण अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने सव्वा वर्षाहून जास्त काळ तपास करून जे पुढे आणलं, ते वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा टोचते. बहुतेक प्रत्येक टप्प्यावर हवी ती माहिती कुठे ना कुठे हजर होती. ज्याच्या हातात काही करणं होतं, त्याच्यापर्यंत ती वेळेवर पोहोचली नाही.

आधी ते बेअरिंग समजून घेऊ. रेल्वेची दोन चाकं एका जाड लोखंडी आसावर घट्ट बसवलेली असतात. मोटारीसारखं एक चाक वेगळं फिरत नाही, चाकं आणि आस एकत्र फिरतात. या फिरत्या आसाच्या दोन्ही टोकांवर वाघिणीचं सगळं वजन टेकलेलं असतं, आणि मधे असतं बेअरिंग: एका कवचात बसवलेले छोटे पोलादी रोलर आणि भरपूर ग्रीस. ते नीट असेल तर शेकडो किलोमीटर फिरूनही फारसं तापत नाही. आत काही बिघडलं, ग्रीस कमी झालं, पाणी गेलं, रोलर झिजला, की घर्षण वाढतं. घर्षणाने उष्णता, उष्णतेने ग्रीस जळतं, ग्रीस जळालं की घर्षण आणखी वाढतं. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबत नाही. शेवटी आसाचं टोक तापून मऊ पडतं आणि पिळून तुटतं. त्या क्षणी वाघिणीचा एक कोपरा खाली बसतो आणि मागच्या सगळ्या वाघिणी तिच्यावर येऊन आदळतात.

ईस्ट पॅलेस्टाइनमध्ये हेच झालं. बेअरिंग होतं तेविसाव्या वाघिणीचं. त्या वाघिणीत विष नव्हतं, प्लास्टिकचे दाणे होते. पुढे इंजिनात तिघे जण होते: चालक, कंडक्टर आणि एक शिकाऊ कंडक्टर. मागच्या वाघिणीखाली काय चाललंय हे त्यांना दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पूर्वी अमेरिकेत मालगाडीच्या शेवटी माणसांचा एक डबा असायचा. त्यातली माणसं वळणावर गाडीकडे नजर टाकत, धूर किंवा ठिणग्या दिसल्या तर पुढे कळवत. १९८० च्या दशकापासून तो डबा हळूहळू नाहीसा झाला. त्याच्या जागी आलं एक छोटं यंत्र, जे शेवटच्या वाघिणीला लावतात आणि जे ब्रेकमधल्या हवेचा दाब पुढे कळवतं. त्याला धूर दिसत नाही.

म्हणून आता बेअरिंगवर लक्ष ठेवतात रुळांशेजारी बसवलेले उष्णताशोधक. गाडी वरून जाताना ही यंत्रं अवरक्त किरणांनी प्रत्येक बेअरिंगचं तापमान टिपतात आणि बाहेरच्या हवेपेक्षा ते किती जास्त आहे ते काढतात. आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की चालकाला रेडिओवर आवाजी इशारा मिळतो. कल्पना उत्तम आहे आणि तिने आजवर असंख्य अपघात टाळले आहेत. पण त्या रात्रीचे तीन आकडे बघा. पहिल्या शोधकावर ते बेअरिंग हवेपेक्षा ३८ अंश फॅरनहाइट जास्त तापलेलं होतं, म्हणजे साधारण २१ अंश सेल्सिअसचा फरक. सुमारे साडेसतरा किलोमीटर पुढे सेलम गावाजवळच्या दुसऱ्या शोधकावर फरक होता १०३ अंश फॅरनहाइट. त्यानंतर तब्बल तीसेक किलोमीटर एकही शोधक नव्हता. तिसरा होता थेट ईस्ट पॅलेस्टाइनमध्ये, आणि तिथे आकडा आला २५३. तेव्हा इशारा वाजला. चालक ब्रेक लावत होता, पण तोवर आस जगण्यापलीकडे गेला होता.

सेलमला १०३ आल्यावर गाडी का थांबली नाही? कारण कंपनीच्या नियमात थांबण्याची मर्यादा १७० अंशांची होती आणि २०० च्या वर गेलं तर स्थिती गंभीर मानायची. १०३ ची नोंद अटलांटामधल्या कंपनीच्या देखरेख कक्षात गेली, पण तातडीची नाही अशा वर्गात. तिथे त्या वेळी एकच माणूस काम बघत होता. इंजिनातल्या तिघांना यातलं काहीच कळलं नाही. आणि नेमक्या याच सेलमजवळच्या एका सुरक्षा कॅमेऱ्याच्या चित्रणात, जाणाऱ्या गाडीतल्या एका वाघिणीखाली ज्वाळा स्पष्ट दिसतात. म्हणजे डोळ्यांना आग दिसत होती आणि यंत्र सांगत होतं की अजून घाबरण्यासारखं नाही.

हा विरोधाभास समजायला हवा, कारण तो यंत्राच्या बिघाडातून आलेला नाही. शोधक मोजतो ते बेअरिंगच्या बाहेरच्या कवचाचं तापमान. जळणं सुरू होतं आत. आतली उष्णता बाहेरच्या जाड लोखंडापर्यंत यायला वेळ लागतो, त्यामुळे बाहेरचा आकडा नेहमी आतल्या परिस्थितीच्या मागे असतो. अशा वेळी एकेका आकड्यापेक्षा आकड्यांची चढण जास्त बोलते. ३८ वरून १०३, तेही साडेसतरा किलोमीटरांत, हे अनुभवी माणसाच्या लक्षात आलं असतं. पण एकेक आकडा मर्यादेशी ताडून बघणाऱ्या व्यवस्थेला ते दिसत नाही.

मग या मर्यादा ठरवतं कोण? उष्णताशोधक कुठे बसवावेत, किती अंतरावर बसवावेत, कोणत्या आकड्याला गाडी थांबवावी, याबद्दल अमेरिकेच्या केंद्र सरकारचा बंधनकारक नियम तेव्हा नव्हता. रेल्वे कंपन्या स्वतः ठरवत. मर्यादा खाली आणली तर गाड्या वारंवार थांबतील, कंडक्टरला अंधारात खडीवरून एक-दोन किलोमीटर चालत जाऊन बेअरिंग तपासावं लागेल, मागची वाहतूक तुंबेल. मर्यादा वर ठेवली तर गाड्या धावत राहतील. ज्याला थांबण्याचा खर्च सोसायचा आहे त्यानेच थांबण्याची मर्यादा ठरवायची, ही रचनाच मला सदोष वाटते.

खेदाची गोष्ट म्हणजे हे सगळं नवीन नव्हतं. १० नोव्हेंबर १९७९ ला कॅनडात टोरंटोशेजारच्या मिसिसागा शहरात एक मालगाडी अशाच तापलेल्या बेअरिंगमुळे घसरली. प्रोपेनच्या टाक्यांचे स्फोट झाले, क्लोरीनची एक टाकी फुटली, आणि दोन लाखांहून जास्त माणसांना घरं सोडावी लागली. तिथेही कुणी मेलं नाही, हे नशीबच. त्रेचाळीस वर्षांनंतर दुसऱ्या देशातल्या एका गावाला तेच कारण पुन्हा भोगावं लागलं.

आता घसरल्यानंतरच्या पहिल्या तासाकडे येऊ. आजूबाजूच्या गावांतले अग्निशामक धावत आले. त्यांतले बरेच स्वयंसेवक, म्हणजे दिवसा दुसरं काम करणारी आणि घंटा वाजली की हातातलं टाकून निघणारी माणसं. ओहायोत अशा स्वयंसेवकाला किमान ३६ तासांचं प्रशिक्षण असलं तरी चालत होतं. समोर पेटलेल्या वाघिणींचा ढीग. कशात काय आहे? वाघिणीवर चौकोनी, कोपऱ्यावर उभ्या केलेल्या पाट्या असतात आणि त्यांवर चार आकडी क्रमांक. १०८६ म्हणजे व्हिनाइल क्लोराइड, १०१७ म्हणजे क्लोरीन. हा क्रमांक दिसला की पुस्तिका उघडून काय करायचं ते कळतं. पण पाट्याच आगीत गेल्या होत्या. दुसरा आधार म्हणजे गाडीची यादी, जिच्यात कोणती वाघीण कितवी आणि तिच्यात काय भरलंय हे लिहिलेलं असतं. ती इंजिनातल्या कर्मचाऱ्यांजवळ होती. त्यांनी योग्य तेच केलं, इंजिन सोडवून सुरक्षित अंतरावर नेलं. कंपनीकडेही यादी होती. तरीही आग विझवणाऱ्यांच्या हातात ती पडायला जवळजवळ तास गेला. तो तासभर ती माणसं आपण कशासमोर उभे आहोत हे नीट माहीत नसताना तिथे होती. या अपघातातला मला सर्वात जास्त अस्वस्थ करणारा भाग हाच आहे.

रसायनाबद्दल थोडं. व्हिनाइल क्लोराइड हा पीव्हीसीचा कच्चा माल. आपण पाण्याचे पाइप, विजेच्या तारांची आवरणं, खिडक्यांच्या चौकटी वापरतो, त्या मागे हेच असतं. साध्या तापमानाला तो वायू असतो, कारण तो उणे १३ अंश सेल्सिअसलाच उकळतो. म्हणून दाब देऊन, द्रवरूप करून टाकीत भरतात. तो सहज पेट घेतो आणि दीर्घकाळ श्वासातून गेला तर यकृताचा एक दुर्मीळ कर्करोग होतो. १९७४ मध्ये केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात एका पीव्हीसी कारखान्याच्या कामगारांमध्ये हा कर्करोग सापडल्यावर जगाचे डोळे उघडले. तयार पीव्हीसी पाइपमध्ये हा धोका तसा नसतो, कारण तिथे रेणू एकमेकांना साखळीने जोडले गेलेले असतात. धोका आहे तो सुट्या रेणूंचा.

आणि ही साखळीच पुढच्या निर्णयाच्या मुळाशी आहे. पाच टाक्यांमध्ये मिळून एक लाख पंधरा हजारांहून जास्त गॅलन, म्हणजे सव्वाचार लाख लिटरहून अधिक व्हिनाइल क्लोराइड होतं. भोवतीच्या आगीने टाक्या तापल्या होत्या. भीती अशी होती की आतल्या आत रेणूंची साखळी आपोआप जुळू लागली तर त्या क्रियेतून उष्णता निघेल, उष्णतेने क्रिया आणखी वेग घेईल, दाब वाढेल आणि टाकीचे तुकडे दूरवर उडतील. ही भीती उगाच नसते. १९७८ च्या फेब्रुवारीत टेनेसीतल्या वेव्हर्ली गावात घसरलेल्या गाडीतली प्रोपेनची टाकी दोन दिवस शांत पडून होती आणि नंतर, सफाईचं काम चालू असताना फुटली. १६ माणसं गेली.

म्हणून ६ फेब्रुवारीला, ओहायो आणि पेनसिल्व्हेनिया या दोन्ही राज्यांतला एक मैल रुंद आणि दोन मैल लांब पट्टा रिकामा करून, पाचही टाक्यांना स्फोटकांनी भोकं पाडून रसायन जाळण्यात आलं. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, जो ओलाव्यात मिसळून आम्ल बनतो, आणि थोड्या प्रमाणात फॉस्जीनही, जो पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरला गेला होता. दोन दिवसांनी लोकांना घरी परतायला सांगितलं गेलं.

जून २०२४ मध्ये सुरक्षा मंडळाने निष्कर्ष मांडण्याची बैठक मुद्दाम ईस्ट पॅलेस्टाइनमध्येच घेतली. तिथे मंडळाने स्पष्ट सांगितलं की हे जाळणं गरजेचं नव्हतं. टाकीवर मोजलेलं जास्तीत जास्त तापमान साधारण ५९ अंश सेल्सिअस होतं आणि नंतर ते उतरत होतं. हे रसायन बनवणाऱ्या ऑक्सीव्हिनाइल्स कंपनीच्या तज्ज्ञांचं मत होतं की टाक्यांत साखळी जुळण्याची क्रिया चाललेली नाही. रेल्वे कंपनी आणि तिचे कंत्राटदार उलट मत देत होते. घटनास्थळी शेवटचा शब्द ज्यांचा होता, त्या अग्निशमन प्रमुखांपर्यंत उत्पादकाचं हे मत नीट पोहोचलंच नाही. निर्णयासाठी त्यांना १३ मिनिटं देण्यात आली. गावाच्या आयुष्यातला सर्वात मोठा निर्णय, १३ मिनिटांत, अर्ध्या माहितीवर. त्या माणसाला दोष देणं मला जमणार नाही.

शेजारच्या ओढ्यांमध्ये हे जाळण्याआधीच मासे मेले होते. ओहायोच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाने सुरुवातीला साडेतीन हजार म्हटलं, नंतर मेलेल्या सगळ्या जलचरांचा अंदाज ४३ हजारांच्या पुढे गेला, त्यात बहुतेक छोटे मासे होते. ओढ्यांत उतरलेल्या रसायनांत ब्यूटिल ॲक्रिलेटही होतं, जे रंग आणि चिकटद्रव्यांत वापरतात.

आता वाघिणींच्या टाक्यांबद्दल, कारण इथे बराच गोंधळ होतो. व्हिनाइल क्लोराइडच्या टाक्या जाड, दाब सहन करणाऱ्या होत्या. घसरताना त्या फुटल्या नाहीत. फुटल्या त्या ज्वलनशील द्रव वाहणाऱ्या जुन्या प्रकारच्या टाक्या, ज्यांना तिथे डॉट-१११ म्हणतात. त्यांतून सांडलेल्या द्रवाने पेट घेतला आणि त्या आगीत बाकीच्या टाक्या भाजल्या. म्हणजे कमजोर टाक्या मजबूत टाक्यांच्या शेजारी असल्या, तर मजबूत टाक्यांचाही भरवसा उरत नाही. डॉट-१११ चा कमकुवतपणा जुना आणि सर्वज्ञात आहे. ६ जुलै २०१३ ला कॅनडातल्या क्युबेकमध्ये लाक-मेगांतिक गावात कच्च्या तेलाने भरलेली, चालक नसलेली गाडी उतारावरून घसरत आली. रात्रभर उभी करताना पुरेसे हातब्रेक लावलेले नव्हते. ४७ माणसं जळून मेली. त्या टाक्या याच प्रकारच्या होत्या. त्यानंतर अमेरिकेने २०१५ च्या कायद्यात या टाक्या ज्वलनशील द्रवांसाठी टप्प्याटप्प्याने बंद करायच्या ठरवल्या, पण सर्व प्रकारच्या ज्वलनशील द्रवांसाठी शेवटची मुदत आहे २०२९.

ब्रेकवरूनही बरंच राजकारण झालं. मालगाडीचा ब्रेक हवेवर चालतो. चालकाने ब्रेक लावला की नळीतला दाब कमी होतो आणि हा बदल एकामागून एक वाघिणींपर्यंत जातो. तीन किलोमीटरच्या गाडीत याला काही सेकंद लागतात, आणि त्या सेकंदांत मागचं वजन पुढच्यावर ढकललं जातं. विजेच्या संदेशाने लागणाऱ्या नव्या ब्रेकमध्ये सगळ्या वाघिणींना एकाच वेळी संदेश मिळतो. २०१५ मध्ये काही गाड्यांना ते सक्तीचे केले गेले आणि २०१८ मध्ये तो नियम मागे घेतला गेला. अपघातानंतर अनेकांनी म्हटलं, तो नियम असता तर हे झालं नसतं. हे खरं नाही. तो नियम ठरावीक संख्येने ज्वलनशील द्रवांच्या टाक्या असलेल्या गाड्यांनाच लागू होता, आणि ही मिश्र गाडी त्या व्याख्येत बसत नव्हती. सुरक्षा मंडळाच्या अध्यक्षा जेनिफर होमंडी यांनीही हे जाहीरपणे सांगितलं. शिवाय बेअरिंग जळणं कोणत्याही ब्रेकने थांबत नाही. पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो: पाच टाक्या व्हिनाइल क्लोराइड नेणारी गाडी सरकारी व्याख्येत अति-धोकादायक का नव्हती? ओहायोचे गव्हर्नर माइक डिवाइन यांनी हाच प्रश्न विचारला होता, कारण त्या व्याख्येमुळे गाडी राज्यातून जाणार असल्याचं कळवण्याचं बंधन कंपनीवर नव्हतं.

कुणी म्हणेल, मग ही रसायनं रेल्वेने नेऊच नका. अमेरिकेत रेल्वे कंपन्यांना तसा नकार देता येत नाही. योग्य रीतीने भरलेला घातक माल नेण्याचं कायदेशीर बंधन त्यांच्यावर आहे, आणि त्यामागे कारणही आहे. तोच माल ट्रकने रस्त्यावर आला तर धोका आणखी वाढतो. बहुसंख्य टाक्या सुखरूप पोहोचतात, हेही खरं. पण हजारो सुखरूप टाक्यांचा हिशेब एका फुटलेल्या टाकीजवळ राहणाऱ्याला दाखवता येत नाही. २००५ च्या जानेवारीत साउथ कॅरोलायनातल्या ग्रॅनिटव्हिलमध्ये रूळ बदलायचा सांधा चुकीच्या बाजूला राहिला, गाडी बाजूच्या रुळावर वळून उभ्या गाडीवर आदळली, क्लोरीन सुटला आणि नऊ जण गेले. अशा मानवी चुकांसाठी गाडीला आपोआप थांबवणारी यंत्रणा नंतर कायद्याने सक्तीची झाली. बेअरिंगसाठी तशी सक्ती आली नाही.

ईस्ट पॅलेस्टाइननंतर ओहायोचे दोन सिनेटर, डेमोक्रॅट शेरॉड ब्राउन आणि रिपब्लिकन जे. डी. व्हान्स, यांनी मिळून रेल्वे सुरक्षेचं विधेयक आणलं. त्यात उष्णताशोधकांचे नियमही होते. ते संमत झालं नाही. कंपनीने रहिवाशांशी ६० कोटी डॉलरची तडजोड केली, सरकारशी ३१ कोटी डॉलरहून अधिकची. आरोग्यावर दूरगामी परिणाम काय होतात हे बघण्यासाठी पाच वर्षांच्या, एक कोटी डॉलरच्या सरकारी अभ्यासाची घोषणा व्हायला २०२५ उजाडलं.

शोधकांबाबत रेल्वे कंपन्यांच्या संघटनेने मार्च २०२३ मध्ये स्वतःहून काही गोष्टी मान्य केल्या. महत्त्वाच्या मार्गांवर दोन शोधकांमधलं अंतर सरासरी १५ मैल ठेवायचं. बेअरिंग हवेपेक्षा १७० अंशांहून जास्त तापलेलं दिसलं की सगळ्या कंपन्यांनी गाडी थांबवायची. लागोपाठच्या आकड्यांच्या चढणीकडेही लक्ष द्यायचं. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीने त्या रात्री फरक पडू शकला असता. सेलमनंतरच्या त्या ओस टापूत कुठेतरी चौथं यंत्र असू शकलं असतं. पण १७० ची मर्यादा कंपनीकडे तेव्हाही होती, आणि ज्वाळा दिसत असलेल्या वाघिणीचा सेलममधला आकडा होता १०३.